तीन सेनचं पाणी आणि वेगळा झालेला भाऊ

पत्र

आम्ही दोघं शेजारी, खरं तर भाऊच. मी मलेशिया, धाकटा सिंगापूर. १६ सप्टेंबर १९६३ ला एकत्र आलो आणि ९ ऑगस्ट १९६५ ला वेगळे झालो. एका चुलीवर पुरती दोन वर्षंही निघाली नाहीत. घराबाहेर पडला तेव्हा त्याच्याकडे शेत नव्हतं, जंगल नव्हतं, पुरेसं प्यायचं पाणीही नव्हतं. पाणी त्याला लागून असलेल्या माझ्या जोहोर राज्याच्या नद्यांमधून जायचं. आजही जातं, हजार गॅलनला तीन सेन (शंभर सेनचा एक रिंगिट). १९६२ चा दर, आजही तोच. १९७३ पर्यंत त्याचा डॉलर आणि माझा डॉलर, म्हणजे आताचा रिंगिट, एकास एक चालायचा. आता त्याच्या एका डॉलरला माझे तीन रिंगिट देऊन वर आणखी द्यावे लागतात. माझी पोरं अंधारात उठून मोटारसायकलवरून कॉजवे, म्हणजे आमच्यामधला समुद्रावरचा जोडरस्ता, ओलांडतात आणि त्याच्याकडे राबतात. माझंच पाणी गाळून तो मला परत विकतो, हजार गॅलनला पन्नास सेन. तीनचे पन्नास! काही बोललं की कागद पुढे करतो. मला भांडायचं नाही. शेजार सोडून कोण कुठे जाणार? पण आत सलतं. कधी कधी वाटतं, तोटीच बंद करावी. मग तसं वाटल्याची लाज वाटते. काय करू?

थोरला, क्वालालंपूर

उत्तर

दादा,

लाज वाटते असं लिहिलंत, म्हणून हे उत्तर सविस्तर देतो आहोत. नुसत्या चिडलेल्या माणसाला धीराचे चार शब्द पुरतात. तुम्हाला हिशेब लागेल. साठ वर्षं तुम्ही तीन या एका आकड्याकडे बघत आहात आणि त्याच कागदावरचे बाकीचे आकडे कुणी तुम्हाला नीट मांडून दाखवलेले दिसत नाहीत.

कपाटातून २९ सप्टेंबर १९६२ चा जोहोर नदीचा करार काढा. त्यावर सही आहे जोहोर सरकारची आणि सिंगापूरच्या नगर परिषदेची. तुमचं एकत्र घर तेव्हा व्हायचंच होतं. मुदत २०६१ पर्यंत. धाकट्याला दिवसाला २५ कोटी गॅलनपर्यंत कच्चं पाणी उचलायचा हक्क, दर हजार गॅलनला तीन सेन. बदल्यात जोहोरला त्या पाण्याच्या दोन टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेलं पाणी परत घ्यायचा हक्क, दर हजार गॅलनला पन्नास सेन. हजार गॅलन म्हणजे साडेचार हजार लिटर, आमच्याकडचा एक मध्यम टँकर. तीन सेन म्हणजे आमचे साठेक पैसे. साठ पैशांत टँकर म्हटल्यावर कुणालाही वाटेल की दादाला लुटलं.

आता रोजचा हिशेब करू. त्याने पूर्ण कोटा उचलला तर ते अडीच लाख टँकर. प्रत्येकी तीन सेनने तुमच्या हातात दिवसाला ७,५०० रिंगिट येतात, वर्षाला सत्तावीस लाखांच्या आसपास. दोन टक्क्यांच्या हिशेबाने जोहोरला ५० लाख गॅलन शुद्ध पाणी मिळायला हवं. प्रत्यक्षात जोहोर घेते १ कोटी ६० लाख गॅलन, म्हणजे हक्काच्या तिपटीहून जास्त. वरचं पाणी धाकटा सद्भावनेने देतो, करारात ते नाही. त्या सोळा हजार टँकरचे पन्नास सेनप्रमाणे रोजचे ८,००० रिंगिट होतात. म्हणजे पाणी तुमचं, आणि दिवसाअखेर ५०० रिंगिट तुम्हीच त्याला देता.

इथवर वाचून कागद मिटू नका, खरी गोष्ट पुढच्या ओळीत आहे. धाकटा सांगतो की ते पाणी शुद्ध करायला त्याला हजार गॅलनला २ रिंगिट ४० सेन लागतात. आकडा त्याचा आहे, तुम्ही तपासून घ्या. पण तो धरला तर तुम्हाला रोज दिलेल्या पाण्यावर त्याचे ३८,४०० रिंगिट खर्च होतात आणि तुमच्याकडून ८,००० मिळतात. वर्षाला एक कोटी रिंगिटच्या वर तो सोसतो. तेच पाणी जोहोर आपल्या लोकांना ३ रिंगिट ९५ सेनला विकते, असं त्याने २००३ मध्ये जाहीरपणे मांडलंही होतं.

गोठलेले दर दोन आहेत. एक तुमच्या विरुद्ध गोठला, एक तुमच्या बाजूने. तीन सेनवर रागावणाऱ्याला पन्नास सेनवरही तेवढंच बोलावं लागेल, आणि नेमकं तेच तुमच्या घरात कुणी बोलत नाही.

म्हणूनच १९८७ हातचं गेलं. करारात कलम आहे: पंचवीस वर्षांनंतर दराचा फेरविचार करता येईल, पैशाची क्रयशक्ती आणि मजुरी, वीज, सामान यांचा खर्च जसा बदलेल तसा, वाद झाला तर लवाद. पंचवीस वर्षं १९८७ ला भरली. तुम्ही काही बोलला नाहीत. का, ते तुमच्याच तेव्हाच्या पंतप्रधानांनी, महाथीर मोहम्मदांनी, २००२ मध्ये सांगितलं: कच्च्या पाण्याचा दर वाढवला की शुद्ध पाण्याचाही वाढणार. दोन्ही दर दहापट झाले असते तर तुम्हाला दिवसाला ७५,००० मिळाले असते आणि ८०,००० द्यावे लागले असते. हिशेब बरोबर होता. चुकलं ते एवढंच, की कारण घरातच ठेवलंत आणि पुढच्या पिढ्यांना फक्त तीन सेनची गोष्ट सांगितलीत. गप्प राहून घेतलेला निर्णय काही वर्षांनी अन्यायासारखा दिसायला लागतो, आणि ज्यांनी तो घेतला नाही त्यांनाच जास्त खुपतो.

धाकटा आता म्हणतो, १९८७ ची वेळ टळली, हक्क गेला. तुम्ही म्हणता, ‘नंतर’ म्हणजे नंतर केव्हाही. वकील यावर वर्षानुवर्षं भांडू शकतात. या वादात पडण्याआधी करण्यासारखी कामं आहेत, आणि ती तुमच्या एकट्याच्या हातातली आहेत.

सगळ्यात आधी ते सोळा हजार टँकर शून्यावर आणा. जोपर्यंत जोहोर त्याच्याकडून पाणी विकत घेते, तोपर्यंत दराच्या प्रत्येक बोलण्यात तुमचा एक हात बांधलेला राहणार. त्यासाठी फक्त मोठं जलशुद्धीकरण केंद्र बांधून भागत नाही, आणि हे नेहमी चुकतं. नदीतून पाणी उचलायची जागा खाऱ्या पाण्याच्या पट्ट्याच्या वर हवी, कोरड्या महिन्यांसाठी साठा हवा, आणि शहरातल्या नळवाटा गळक्या नकोत. तुमच्या देशात शुद्ध केलेल्या पाण्यापैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाण्याचं बिलच होत नाही: काही गळतं, काही चोरीला जातं, काही बिघडलेल्या मीटरमध्ये हरवतं. नवीन केंद्र बांधून पाणी गळक्या नळात सोडलं तर पाच वर्षांनी पुन्हा धाकट्याच्या दारात. जुने पाइप बदलणं, भागवार मीटर बसवून रात्री दोन ते चार या वेळेतला प्रवाह मोजणं (सगळे झोपलेले असताना जे वाहतं ते बहुतेक गळतीचंच असतं), दाब नियंत्रित ठेवणं, ही कंटाळवाणी कामं आहेत. पण मोकळा हात यातूनच मिळेल.

आता त्याच कपाटातला दुसरा कागद. १९६२ चा कागद सगळ्यांना पाठ आहे. हा कुणी उघडत नाही, म्हणून यावर जरा थांबतो.

२४ नोव्हेंबर १९९० चा करार. जोहोर नदीच्या वरच्या अंगाला लिंगिऊ धरण बांधायचं ठरलं. धरण धाकट्याने स्वतःच्या पैशाने बांधलं, जमिनीच्या आणि लाकूडतोडीच्या बुडालेल्या उत्पन्नापोटी जोहोरला ३२ कोटी रिंगिट भरपाई दिली. धरणामुळे २५ कोटी गॅलनच्या वर जे जादा पाणी मिळेल, ते जोहोरने शुद्ध करून विकायचं, आणि त्याच्या दराचं सूत्र लिहून ठेवलं आहे. जोहोरच्या पाणीपट्टीची भारित सरासरी, अधिक धाकट्याने ते पाणी आपल्या ग्राहकांना विकून खर्च वजा जाता जो नफा होईल त्याचा निम्मा हिस्सा. किंवा जोहोरच्या सरासरी पाणीपट्टीच्या ११५ टक्के. यांपैकी जे जास्त ते.

दादा, हे सूत्र दोनदा वाचा. यात गोठलेला आकडा नाही. तुमची पाणीपट्टी वाढली की दर वाढतो. त्याचा नफा वाढला की तुमचा वाटा वाढतो. पाणी कच्चं जात नाही, शुद्ध होऊन जातं. म्हणजे कारखाना तुमच्या जमिनीवर, नोकऱ्या तुमच्या पोरांना. आणि यावर त्याची सही आहे. नव्याने काही मागायची गरज नाही. ‘जादा पाण्याला जो नियम तू १९९० मध्ये मान्य केलास, तोच २०६१ नंतरच्या सगळ्या पाण्याला लावू या’ एवढंच म्हणायचं आहे. याला तो सहज नाही म्हणू शकणार नाही.

त्या सूत्राला वरची मर्यादा कुठे पडेल, तेही माहीत असू द्या. धाकट्याकडे आज समुद्राचं पाणी गोडं करणारी पाच केंद्रं आहेत. या कामाला त्याला घनमीटरला साधारण साडेतीन युनिट वीज लागते. हजार गॅलन म्हणजे साडेचार घनमीटर, म्हणजे टँकरमागे सोळा युनिट नुसती वीज. मीठ गाळणारे पडदे, रसायनं, यंत्रांची झीज वेगळीच. २०६१ नंतर तुमचं पाणी तो याहून महाग घेणार नाही आणि तुम्ही मागूही नका. पण तीन सेन आणि सोळा युनिट विजेच्या मध्ये भरपूर जागा आहे. बोलणी त्या जागेत करायची.

मात्र हे सगळं तेव्हाच, जेव्हा नदीत पाणी असेल आणि ते पिण्याजोगं असेल. खरी चिंता इथे करा. जोहोर नदी समुद्राला मिळते, आणि भरतीला खारं पाणी नदीत वर चढतं. वरून पुरेसं गोडं पाणी वाहत असेल तर ते त्या खाऱ्या पाण्याला खाली ढकलून ठेवतं. नदीकाठच्या कोटा तिंगी गावाजवळच्या पंपांना गोडं पाणी मिळतं ते याच ढकलाढकलीमुळे, आणि लिंगिऊतून पाणी सोडलं जातं ते यासाठीच. पाऊस ओढ देतो तेव्हा धरण झपाट्याने रिकामं होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये साठा २० टक्क्यांपर्यंत उतरला होता. नदीचा जोर कमी झाला आणि मीठ पंपापर्यंत आलं की केंद्र थांबवावंच लागतं. तुरटीने गाळ बसतो, वाळूच्या थरातून पाणी गाळलं जातं, क्लोरीनने जंतू मरतात. पण यातलं काहीच मीठ काढत नाही.

दुसरा शत्रू अमोनिया. पाम तेलाच्या गिरण्यांचं सांडपाणी, कोंबड्यांच्या शेडचा मैला, गावांची गटारं नदीत उतरली की तो वाढतो. अमोनिया क्लोरीनला खातो. क्लोरीन कितीही टाका, आधी अमोनियाशी लढण्यात खर्ची पडतं आणि जंतू मारायला उरत नाही. एका मर्यादेनंतर चालवणाऱ्याला पंप बंद करण्यावाचून इलाज नसतो. एप्रिल २०१९ मध्ये नेमकं हेच होऊन धाकट्याचं जोहोर नदीवरचं केंद्र थांबवावं लागलं होतं. त्याच दिवसांत तुमच्या जोहोरच्या नळांनाही पाणी नव्हतं. नदी एकच आहे, ती बिघडली की दोघांचे माठ रिकामे.

म्हणून दराच्या आधी नदीचं बोला. काठापासून ठरावीक अंतरात तेलताडाची लागवड नको, गिरण्यांच्या टाक्यांची वर्षातून नाही तर दर पंधरवड्याला तपासणी हवी, अमोनिया आणि क्षारता मोजणारी यंत्रं पंपाच्या बऱ्याच वर बसलेली हवीत, म्हणजे घाण पाणी पोचायच्या आत काही तास मिळतात. याचा खर्च त्याच्याकडून मागा. नुसता ‘दर वाढव’ म्हणालात तर तो १९८७ दाखवील. ‘नदी राखायला एवढा खर्च येतो, अर्धा तुझा’ म्हणालात तर त्याला स्वतःचे पंप दिसतील.

आता वागण्याबद्दल. इथे आम्हाला जरा स्पष्ट बोलावं लागेल.

तोटी बंद करावी असं वाटतं, असं लिहिलंत. वाटू द्या, पण ते तोंडातून कधीच बाहेर काढू नका. कार्यकर्त्यांच्या सभेतही नाही. त्याच्या मनात या गोष्टीची भीती तुमच्या भांडणाहून जुनी आहे. ३१ जानेवारी १९४२ ला जपान्यांपुढे माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी कॉजवे उडवला, तेव्हा त्याच्यावरून जाणारी पाण्याची नळवाटही तुटली. पंधरा दिवसांत शहर शरण गेलं. १९६३ मध्ये दुष्काळ पडला आणि कित्येक महिने पाणी मोजून मिळालं. मग १९६५. वाटणी झाली आणि तुमचे पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान ब्रिटिश उच्चायुक्तांजवळ बोलून गेले, की धाकटा वाकडा चालला तर जोहोरचं पाणी बंद करण्याचा धाक आपण घालू शकतो. हे त्याच्या कानावर गेलं. त्याचे पहिले पंतप्रधान ली कुआन यू यांनी ते आयुष्यभर लक्षात ठेवलं आणि लिहूनही ठेवलं.

त्या एका वाक्याची किंमत बघा. २००३ मध्ये त्याने सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायला सुरुवात केली. आज गरजेच्या ४० टक्क्यांपर्यंत पाणी त्यातून भागू शकतं. २००५ मध्ये समुद्राच्या पाण्याचं पहिलं केंद्र. २००८ मध्ये शहराच्या ऐन तोंडाशी बांध घालून खाडीचा जलाशय केला. ३१ ऑगस्ट २०११ ला १९६१ चा जुना पाणी करार संपला, तेव्हा गुनुंग पुलाई आणि स्कुदाईची केंद्रं, तेब्राउचं पंपघर चालू स्थितीत, एकही पैसा न घेता त्याने जोहोरच्या हाती दिली आणि मागे वळूनही पाहिलं नाही. तुमच्या हातात तोटी आहे खरी, पण प्रत्येक धमकीगणिक त्याची तहान कमी होत गेली आहे. २०६१ मध्ये पूर्ण तोटी तुमच्या हाती येईल तेव्हा पलीकडे पिणारं कुणी असावं, ही तुमची गरज आहे.

हे फक्त पाण्याचं नाही. १ जून २०२२ ला तुम्ही कोंबड्यांची निर्यात थांबवलीत. घरात भाव चढले होते, कारण खरं होतं. पण तो आदल्या वर्षी एक तृतीयांश कोंबड्या तुमच्याकडून घेत होता. महिनाभरात त्याने इंडोनेशियाला परवानगी देऊन टाकली. ऑक्टोबरमध्ये तुम्ही पुन्हा विकायला आलात तोवर दुकानात दुसरा माल लागलेला होता, आणि नुकसान पुत्राजायातल्या सरकारचं नाही, जोहोरच्या कुक्कुटपालकांचं झालं. पुढच्या वेळी बंदी घालायची वेळ आलीच तर आधी महिन्याचा कोटा कमी करा, तारीख सांगा, सुरू कधी होणार तेही सांगा.

आणि गाठोडं बांधू नका. तुम्हा दोघांनाही ही खोड आहे. १९९८ ते २००२ अशी चार वर्षं तुम्ही पाणी, सिंगापुरातली तुमच्या रेल्वेची जमीन, नवा पूल, हवाई हद्द, कामगारांची अडकलेली निवृत्तीची शिल्लक असं सगळं एकत्र घेऊन बसलात. विचार असा की एकीकडे सोडलं तर दुसरीकडे मिळेल. झालं उलट. प्रत्येक प्रश्न बाकीच्यांचा ओलीस बनला. पाण्याचा तुमचा आकडा ४५ सेनवरून ६० सेनवर, तिथून ३ रिंगिटवर आणि शेवटी ६ रिंगिट २५ सेनवर गेला. २००२ मध्ये तुम्हीच पाणी गाठोड्यातून वेगळं काढलंत, आणि ४५ सेनला तो जो राजी होत आला होता तेही बुडालं.

जे सुटलं ते एकेकटं सुटलं. रेल्वेच्या जमिनीचा १९९० पासून अडकलेला वाद २४ मे २०१० ला एका बैठकीत मिटला. १ जुलै २०११ पासून गाडी शहरातल्या तंजोंग पगारऐवजी सीमेजवळच्या वुडलँड्सला थांबायला लागली आणि बदल्यात शहराच्या मोक्याच्या जागी भूखंड मिळाले, त्यात ६० टक्के वाटा तुमचा. त्यावर विकास शुल्क लागतं की नाही यावर पुन्हा वाद झाला, तो लवादाकडे गेला, २०१४ मध्ये निकाल तुमच्यासारखा लागला, आणि धाकट्याने तो मुकाट मानला. बेटाचं प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलंत, २००८ मध्ये पेद्रा ब्रांका त्याला मिळालं आणि शेजारचे मधले खडक तुम्हाला. तो कागद मानणारा माणूस आहे. याचा तुम्हाला राग येतो, कळतं. पण नीट लिहिलेला कागद तुमच्या बाजूने असेल तेव्हा हाच स्वभाव तुमचं रक्षण करतो.

१९६२ च्या कागदाला एकतर्फी हात लावू नका, तेही याच कारणासाठी. ९ ऑगस्ट १९६५ च्या विभक्तीच्या करारात दोन्ही पाणी करार पाळण्याची हमी आहे आणि तो संयुक्त राष्ट्रांकडे नोंदलेला आहे. म्हणजे १९६२ चा कागद तुमच्या वाटणीपत्राचाच भाग. वाटणीपत्रातली एक ओळ खोडणारा भाऊ बाकीच्या ओळी कशा टिकवणार?

राहिला डॉलरचा सल. इथे हिशेब फारसा कामाला येत नाही. एकास एक असलेलं नाणं तीनास एक झालं, हे रोज कॉजवेवर दिसतं आणि दुखतं. तो श्रीमंत झाला तो तुमच्या तीन सेनच्या पाण्यावर, असं मात्र मनाशी धरू नका. वाटणीनंतरची पहिली वर्षं स्वस्त पाण्याने त्याला नक्कीच हात दिला, आणि हे त्याने मोकळेपणाने कधी म्हटलं तर तुमचा निम्मा राग उतरेल असं वाटतं. तो म्हणत नाही, ही त्याची चूक. बरोबर असणं आणि कृतज्ञ असणं यातला फरक त्यालाही शिकायला हवा. पण त्याचं बंदर, त्याच्या शाळा, त्याची बचत यांचं श्रेय पाण्याला दिलंत तर स्वतःच्या घरात काय करायचं ते दिसेनासं होईल.

आणि जोहोरला विचारा. पत्रभर ‘माझं पाणी, माझी पोरं’ लिहिलंत. नदी तिची, १९६२ ची सही तिची, पहाटे निघणारी पोरं तिची. १८ मार्च २०२० ला कॉजवे बंद झाला तेव्हा रोज ये-जा करणारे तीनेक लाख लोक अडकले. कित्येक जणांची घरच्यांशी गाठ पडली ती १ एप्रिल २०२२ ला रस्ता पूर्ण खुला झाल्यावर. तिला क्वालालंपूरचा रुसवा परवडत नाही. जोहोरमधल्या बुकित चगारहून सिंगापुरातल्या वुडलँड्स नॉर्थला जाणारी चार किलोमीटरची रेल्वे २०२६ च्या अखेरीस सुरू करायचं ठरलं आहे. तासाला एका दिशेने दहा हजार माणसं, दोन्ही देशांची तपासणी निघण्याच्या ठिकाणीच. जानेवारी २०२५ मध्ये दोघांनी जोहोरमध्ये सामाईक आर्थिक क्षेत्राचा करारही केला आहे. तिथे येणाऱ्या कारखान्यांना पाणी लागेल, आणि ते त्याच नदीतून जाईल. तेव्हा पाण्याच्या प्रत्येक बैठकीत जोहोरचा माणूस तुमच्या मागे नको, शेजारच्या खुर्चीत हवा.

तुम्ही दोघं दरवर्षी एकदा भेटता. पुढच्या भेटीत पाण्याचा विषय एकटा ठेवा. पूल, हवाई हद्द, सीमा यांतलं काही त्याच दिवशी नको. भेटीच्या महिनाभर आधी त्याला पत्र पाठवा. तीन सेन, पन्नास सेन, १९८७ यांचा उल्लेख त्यात नको. एवढंच लिहा: ‘भरतीचं खारं पाणी कोटा तिंगीच्या दिशेने कुठवर चढतं याच्या आमच्याकडच्या गेल्या दहा वर्षांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. तुझ्याकडच्या पाठव. दोन्ही एकत्र मांडून लिंगिऊतून कधी, किती पाणी सोडायचं ते जोहोरच्या आणि तुझ्या अभियंत्यांना ठरवू दे. दराचं त्यानंतर बोलू, १९९० चा कागद घेऊन.’